पासंगाचे ऐंशी ग्रॅम

काशीगाव,
ता. ४ फेब्रुवारी १९६९

तीर्थस्वरूप बाबाजीदादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे रामनाथचा, वाकून नमस्कार. वहिनींचा खोकला कसा आहे? पेणला अजून थंडी असेल, त्यांना भल्या पहाटे अंगणात जाऊ देऊ नका. इकडे मी आणि आई खुशाल आहोत. तुमचा भाचा मुंबईच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत खुशाल आहे. शालनही तिथेच आयांच्या खोलीत खुशाल आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. (ते पुढे येईल, आधी आनंदाचं सांगतो.)

दादा, पोरगा वाढतोय! सातव्या महिन्यात आला तेव्हा साडेतेराशे ग्रॅम होता. आईला ग्रॅम कळत नाहीत, म्हणून मी तिला दीड शेर सांगितलं. (थोडा कमीच होता, पण आजीला तेवढं झुकतं माप द्यायला हरकत नाही.) पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, भरवसा देत नाही, पण दोन हजार ग्रॅम भरला तर घरी न्या. तेव्हापासून मला दुसरा आकडा सुचत नाही. दुपारी मीठागरावरचं काम उरकलं की काशीमीऱ्याच्या नाक्यावर मिठाचा ट्रक पकडायचा, मुंबई गाठायची आणि दाराच्या काचेतून पोराला बघून परत यायचं. नाक्यावरच्या हॉटेलवाल्याला इतकी गोडी लागली की भजी आणि मिसळीच्या खाली तो फळ्यावर रोजचं वजनही खडूने लिहायला लागला. एका परगावच्या ड्रायव्हरने सोळाशे वीस हा कसला तरी भाव समजून भांडण काढलं. त्याला खरं सांगितल्यावर तोही रोज जाता-येता गाडी थांबवून 'आज कितना हुआ?' विचारतो.

तर गेल्या गुरुवारी, चाळिसाव्या दिवशी, पोरगा दोन हजार वीस भरला. घरी आईने चुलीवर हंडा चढवला, शेजारणी आंगडी-टोपडी घेऊन ओट्यावर येऊन बसल्या. मला पहिल्यांदाच आत घेतलं, पांढरा झगा घालून, तोंडाला फडकं बांधून. तिथली सिस्टर आग्नेस आपल्या उत्तनचीच, फार मायेची बाई. तिने पोराला शालनच्या हातात दिलं आणि म्हणाली, निघण्याआधी शेवटचं वजन करू. आता दादा, बापाने अशा वेळी कुठे बघावं? पोराकडे. पण मी सतरा वर्षं मीठागरावर गोण्या तोलतोय. माझी नजर आधी रिकाम्या काट्यावर गेली. काटा रिकामा असून शून्यावर नव्हता. मी तोंड उघडलं. (फडकं होतं तरी आवाज सगळ्या वॉर्डात गेला, असं शालन म्हणते. म्हणजे म्हणाली असती.) मी सिस्टरला सांगितलं, बाई, ह्यात पासंग आहे, रिकामाच ऐंशी ग्रॅम दाखवतोय.

डॉक्टर आले, दुसरा काटा आणला, पोराला ठेवलं. एकोणीसशे चाळीस. डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला, म्हणाले बरं झालं बोललात, इतक्या नाजूक पोराला आमच्या चुकीने थंडीत पाठवलं असतं. मी जरा फुगलोच. मग मागे वळून बघितलं. सिस्टर पोराला पुन्हा पेटीत ठेवत होती आणि शालन रिकामे हात तसेच पुढे धरून उभी होती. एवढंच म्हणाली, "चाळीस दिस वाट बघितली, आज हातात आलता. तुमी त्याला परत काट्यावर ठेवलात."

मी बरोबर होतो, आणि इतकं वाईट मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. घरी आलो तर हंड्यातलं पाणी उकळून निम्मं झालेलं. आईने विचारलं, पोर कुठाय? मी पासंग समजावून सांगायला लागलो. तिने त्याच पाण्याने मला आंघोळ करायला लावली आणि शेजारणी आंगडी घेऊन परत गेल्या. आज पाच दिवस झाले. पण पोरगा मजेत आहे, मूठ वळतो, जांभई देतो. काळजी नसावी.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
रामनाथ

ता. क. खरं काम राहिलंच. कृपा करून रविवारी दवाखान्यात या आणि शालनची समजूत घाला. ती तुमचं ऐकते. नवऱ्याने काटा बघून न बघितल्यासारखं केलं असतं तर काय बिघडलं असतं, असं ती विचारेल. मला उत्तर सुचलेलं नाही, तुम्ही मास्तर आहात, काहीतरी सांगा. हे पत्र मी लिहिलं, हे मात्र सांगू नका.

ता. क. दुसरा. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, कारण दुपारी ट्रक लवकर मिळाला. समजूत घालायला येऊ नका, बारशाला या. आज सिस्टर पोराला काट्यावर ठेवणार, तोच शालनने तिचा हात धरला. मला आत बोलावलं आणि पाच दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली, "आधी रिकामा काटा तुमी बघा. मग ठेवू देते." मी वाकून बघितलं. डोळे इतके भरून आले होते की आकडाच दिसेना. तरी मी मान डोलावली, बरोबर आहे म्हणालो. पोरगा दोन हजार दहा भरला आणि आता घरी माझ्या आईच्या मांडीवर झोपलाय. सतरा वर्षांत पहिल्यांदा न बघता काटा पास केला, दादा. मीठागरावर कुणाला बोलू नका.