पुट ऑफ आणि सतरा नंबरचा फॉर्म

बाई, त्या सकाळी कणीक मळून झाली होती, कुकर उतरवला होता आणि तुम्ही ओट्याशी स्टूल ओढून बसलात. तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, मी मानपाड्याच्या तुमच्या घरी पोळ्या करायला येणारी, सातवीत शाळा सुटलेली. एका पोळीला एक वाक्य, आणि तेही आपल्या घरातलं, खरं, हा तुमचा नियम. पिठाच्या डब्यावर त्या दिवसाच्या इंग्रजी शब्दांची चिठ्ठी चिकटवलेली असायची. त्या दिवशी 'पुट ऑफ' होतं.

"मी लाईट पुट ऑफ करते."

"बरोबर. दुसरा अर्थ?"

"सुकटीचा वास मला पुट ऑफ करतो. म्हणजे नकोसं होतं."

"अगं, अर्थ बरोबर, वाक्य खोटं. डबा उघडला की पहिला हात तुझा."

मी हसले, तेवढ्यात पोळी करपली. तुम्ही हसला नाहीत. "तिसरा अर्थ, पुढे ढकलणं. याचं वाक्य तुझ्या पिशवीत आहे." दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तुम्हीच आणून दिला होता. दोन वर्षं तो माझ्या पिशवीत होता. कधी मुलीची परीक्षा, कधी सासूबाईंचं दुखणं. मला खरी भीती नापास होण्याची होती.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा विचारलंत, "भरलास?" मी म्हटलं, "भरला, बाई." तुम्ही पेढे मागवलेत आणि पहिला माझ्या हातावर ठेवलात. मी तो खाल्ला. आठ दिवसांनी तुम्ही गेलात.

त्यानंतर तुम्ही लावलेलं वाचन सोडलं नाही. वाचनालयातली पुस्तकं, रद्दीतले अंक, मिळेल ते वाचलं. फॉर्म तेवढा राहिला. हे आजारी पडले, मग तेच कारण झालं. हे जाऊन तीन वर्षं झाली. घर आवरलेलं असतं, एका माणसाचा स्वयंपाक नऊच्या आत होतो. ढकलायला आता काही उरलेलं नाही. काल माजिवड्याहून मुलीचा फोन आला. "आई, ह्या वयात दहावी? आधी गुडघे बघ." मी म्हटलं, "पेपर गुडघ्यांनी लिहायचा नसतो गं."

पेढ्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही. तिसऱ्या अर्थाचं खरं वाक्य तुम्हाला द्यायचं राहिलं, म्हणून हे लिहिलं: मी फॉर्म पुट ऑफ केला, बाई, आणि तुम्हाला भरला म्हणून सांगितलं. इतकं लिहून कागद माझ्या पिठाच्या डब्याखाली ठेवला होता, पुढचं नंतर जोडते आहे. दुसऱ्या दिवशी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि ऑनलाइन फॉर्म भरला.