ओळखीचा वाटणारा दगड

१४ नोव्हेंबर
घरामागच्या बागेत स्वतःच्या हातांनी केलेलं, आजपर्यंत: बांबूचं कुंपण (एकशे बारा गाठी, खिळा एकही नाही). हात धुवायचं दगडी कुंड. अकरा दगडांची पायवाट. वाळूचा ओढा, पाणी त्यात मनानेच वाहायचं. गुरू कोणी नाही. कमी फक्त मुख्य दगडाची.

१६ नोव्हेंबर
सापडला. सासूबाईंच्या लोणच्याच्या पिंपात, चिनी कोबीवर दाब म्हणून. चौदा किलो दोनशे ग्रॅम. चाळीस वर्षं मिठात मुरून अंगाला तुकतुकी आलेली. तात्पुरता घेतला. बदल्यात पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, वजन तेवढंच. अन्याय नाही.

१७ नोव्हेंबर, सकाळ
एक तृतीयांश जमिनीत पुरला, नियमाप्रमाणे. आडवा दगड उभा केला की घराला पीडा होते, असं जुने माळी म्हणतात. पिंपात आडवा होता. पण उभाच शोभतो.

२० नोव्हेंबर
सासूबाई दगड शोधतायत. म्हणाल्या, मीच कुठे ठेवला असेन, वय झालं. मी म्हणालो, सापडेल. हे काही खोटं नाही.

२३ नोव्हेंबर
सासूबाई ओसरीवर चहा घेत म्हणाल्या, जावईबापू, तो उभा दगड ओळखीचा वाटतो हो, पण आठवत नाही. मग चहा अर्धाच ठेवून आत गेल्या. बायको, सायोको, म्हणाली, अहो, आई घाबरलीय, बुधवारी स्मरणशक्तीच्या डॉक्टरकडे नेऊ या. घरजावयाने किती बोलावं? उद्या पहाटे परत ठेवणार. नक्की.

२४ नोव्हेंबर
पहाटे धुकं. शिवाय दगडाशी लावलेलं शेवाळ आत्ता कुठे धरतंय. दुपारी कळलं, कोबी नासला. एक बाटली कलंडली होती. गणित बरोबर होतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार
डॉक्टरची वेळ तीनची. सकाळी ओकुझावा आले. तीन पिढ्यांचे माळी. बाग बघायला या म्हणून दोन वर्षं मागे लागलो होतो. कुंपण, कुंड, ओढा, सगळ्यावरून नजर फिरवली आणि दगडापाशी थांबले. म्हणाले, यावर कोणाचा तरी हात फिरलाय, विकता का? सासूबाई म्हणाल्या, विका की, डॉक्टरची फी निघेल. सकाळपासूनच कोट घालून तयार होत्या. हातात कागद: आजची तारीख, घरचा पत्ता, नातवंडांची नावं. पाठ करत होत्या.

तो कागद दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं: विकता येणार नाही, तो आईंचा आहे, पिंपातला.

सासूबाईंनी कागदाची घडी घालून माझ्या खिशात सरकवली. म्हणाल्या, राहू द्या, तुम्हालाच लागेल.

दगड उपटला. शेवाळही आलं. बाकीच्या बागेबद्दल ओकुझावांनी चकार शब्द काढला नाही. एकट्या दगडाचे देत होते. मी नको म्हणालो. ऐंशी हजार येन.