ओल्या गिलाव्याचे दिवस

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले, खोली चांगली आहे, पांघरूण पुरतं. रोज सकाळी आम्ही अकरा विद्यार्थी टेकडीखालच्या दालनांत उतरतो. भिंतींवर हजारो वर्षांपूर्वीची चित्रं आहेत: बगळे, होड्या, फुलं तोडणाऱ्या बायका. परक्या घरात गेले तरी मी आधी गिलावा चाचपणार, तुमचीच सवय! हात लावला म्हणून बाईंची बोलणी खाल्ली. बाबा गवंडी आहेत असं सांगितलं, तर वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कोडं घातलंय, की गिलावा ओला असतानाच रंगवायचं, तर एवढी मोठी भिंत वाळायच्या आत रंगवली कशी? तुम्हीच सांगा.

इथे आपली भाषा बोलणारं कुणी नाही. कपडे धुताना स्वतःशीच बडबडते.

लोभ आहेच, या महिन्यात जरा जास्त असू द्या.
तुमची छबू

१९ फेब्रुवारी

चि. छबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं, अख्खी भिंत एकदम कोण लिंपतो? दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी चढवायचा. उद्या शेजारचा तुकडा. कितीही घोटा, सांधा राहतोच. दिवा समोरून नको, भिंतीला लगटून आडवा धरा, म्हणजे दिसेल. बाईंना माझा नमस्कार. आत्या तुझं पत्र गल्लीभर वाचून दाखवतेय.

कामं जोरात आहेत, मान वर करायला फुरसत नाही. सुट्टीत यायची धडपड करू नकोस. पत्र मात्र टाकत जा.

बाबांची माया आहे तशीच.

६ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सापडले सांधे! तेवढी भिंत पंधरा दिवसांची निघाली. एका दिवशी तर जेमतेम वीतभर काम झालंय, चित्रातल्या एका बाईचा चेहरा तेवढा. बाईंनी मलाच सगळ्यांना समजावायला लावलं. तुमच्यासारखी कमरेवर हात ठेवून बोलले आणि मध्येच रडू फुटलं. त्या वीतभर कामाच्या दिवशी त्या गवंड्याच्या घरी काही झालं असेल का, असं मनात आलं.

आणि बाबा, तुमचं पत्र आत्याच्या अक्षरात होतं. तिचा शेपटीवाला ‘ळ’ मी कुठेही ओळखेन. खरं काय ते कळवा, नाहीतर मी बॅग भरते.

रागावलेली, पण तुमचीच,
छबू

२२ मार्च

चि. छबूस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पकडलंस. दादाने शपथ घातली होती, ती आज मोडते. तू गेल्यावर आठव्या दिवशी तो परांचीवरून पडला. उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण थापी मुठीत टिकत नाही. हात पहिल्यासारखा होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दारात बसून समोरच्या नव्या घराच्या भिंतीला नावं ठेवत असतो. तुझं सांध्यांचं पत्र आलं, त्या दिवशी मात्र पोटभर जेवला.

खाली त्याला स्वतः काही लिहायचंय. मला बघायची बंदी आहे, पाकीटही तोच चिकटवणार आहे.

सुखी राहा.
आत्या

छबू,

डावा हात आहे, अक्षराला हसू नकोस. मनगटासाठी धावत येऊ नकोस, त्याला तू काय करणार? परीक्षा झाली की ये. मला तुझी फार आठवण येते. हे आत्याकडून लिहवून घ्यायची लाज वाटली, म्हणून सकाळपासून बसून एवढंच मी काढलं.

बाबा