पाव वाळायच्या आत

पप्पा, तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो, म्हणून हे सगळं मुळापासून सांगतो. मंचरच्या कॉलेजात असताना आपल्याच चर्चच्या मंडळीतली एक मुलगी मला लई आवडायची. तिचा साखरपुडा ठरल्याचं कळलं आणि डोकं फिरलं. साखरपुड्याच्या भर मांडवात शिरून पाहुण्यांसमोर मला अडवणाऱ्या तिच्या भावाच्या कानाखाली वाजवली. कॉलेज तिथंच सुटलं. भावाची पुढं माफी मागितली, तो "सोड रे" म्हणाला. देवाकडं मात्र तोंड वर करवेना. आईबरोबर जुन्नरच्या चर्चला जायचो, पण प्रभुभोजनाचा पाव घ्यायला सगळे वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायला उठले की मी बाकावरच. आधी तिला मनातून काढू, राग आवरायला शिकू, मग जाऊ, असं ठरवलेलं. दोन्ही जमेना.

अशा वेळी तुमचा एक शनिवार आठवतो. प्रभुभोजनाच्या पावाचे तुकडे करायचं काम तुमच्याकडं. स्वयंपाकघरात बसून तुम्ही कडा कापताय, मी त्या खातोय. त्या दिवशी टोमॅटोच्या क्रेटवरून टेम्पोवाल्याशी तुमचं जोरात वाजलेलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "दिवसभर शिव्या घालायच्या, अन् त्याच हातानं प्रभूचा पाव कापायचा व्हय?" सुरी न थांबवता तुम्ही म्हणालात, "मग मी सुधरायची वाट बघू? तवर पाव वाळून जाईल. त्यानं बोलावलंय म्हणून जातो, मी चांगला हाय म्हणून न्हाई." रविवारी सकाळी चर्चला निघालो, तेव्हा मात्र गाडी आधी त्या टेम्पोवाल्याच्या दारात थांबवलीत.

परवाच्या रविवारी मी असाच बाकावर बसलेलो. त्या मुलीचा भाऊ उठताना माझ्यापाशी थांबला. "काय राव, गुडघे दुखत्यात का?"

"मी कोणत्या तोंडानं येऊ? तुला माहितीय."

"कानाखाली मला बसली व्हती. मी चाललोय की. तुला काय झालं?"

उठलो. त्याच्या शेजारी गुडघे टेकले, हात पुढं केला. चर्चच्या पाळकांनी पावाचा तुकडा ठेवला. आत काही उजळलं वगैरे नाही, पप्पा. पण हात मागं घ्यावासा वाटला नाही, एवढं खरं.

हे पत्र आईला दाखवणार नाही, कारण एक गोष्ट राहिलीय. मी रोज त्या मुलीसाठी प्रार्थना करतो आणि तिच्या नवऱ्याचं नाव अजून गाळतो. देवाला ते कळत असणारच. तरी तो माझं बाकीचं ऐकून घेतो, असं मी धरून चाललोय.