डांबरावर राहिलेली चप्पल

आई, माझं सगळं बदललं ते लालबागच्या नाक्यावर, भर दुपारी, मोर्च्यात. माझ्यापुढे एक मुलगी चालत होती. तिच्या डाव्या पायातली चप्पल निघून मागे राहिली आणि तिला कळलंच नाही. डांबर वितळलेलं, आणि ही तशीच अनवाणी घोषणा देत पुढे. चप्पल उचलून मी धावलो. पोरं ओरडली, "बघा रे, संयुक्त महाराष्ट्रासाठी हिला चटकेसुद्धा लागत नाहीत!" तीही हसली. म्हणाली, "चपलेचा अंगठाच ढिला झालाय मेला." मला मात्र हसू येईना. आपल्या चाळीच्या जिन्यात तुझी चप्पल अशीच मागे राहायची. तूही अंगठ्यालाच दोष द्यायचीस, वर मलाच दटावायचीस, "दात काय काढतोस? आण ती वर."

हिच्यापायी आणि चळवळीपायी मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं. तू असतीस तर लाटणं घेऊन मागे लागली असतीस.

पुढे तिचा एक डोळा अंधुक झाला, महिन्याभराने आपोआप निवळला. मग इस्पितळात नाव निघालं : मल्टिपल स्क्लेरॉसिस. मेंदूतल्या, कण्यातल्या नसांवरचं आवरण जागोजागी विरत जातं म्हणे. तुझ्या वेळी चाळीत नुसतं 'अंगावरून वारं गेलं' म्हणायचे. मी एकटाच तिच्या डॉक्टरांकडे गेलो, तुझं सगळं सांगितलं. डोळा, पाय, कढत पाण्याने न्हालीस की गळून बसायचीस तेही. ते म्हणाले, "तेच असावं." मी टेबलावर हात आपटला. "मग ही अंथरुणाला कधी खिळणार, ते सांगा!"

"आवाज खाली. मी ज्योतिषी नाही," ते म्हणाले. "कुणी वर्षानुवर्षं काठी टेकत हिंडतं, कुणी लवकर पडतं. झटके किती लवकर लवकर येतात, प्रत्येकानंतर पाय पुरता सुधारतो की थोडं अधूपण राहून जातं, त्यावरून अंदाज करायचा. तोही चुकतो. तुझ्या आईचं मधल्या काळात कसं होतं?"

मला तुझं शेवटचंच आठवतं. पाठीला पडलेल्या जखमा, खोलीतला वास, बाबा तोंड फिरवून तुझी कूस बदलतायत. मग घरी येताना एकदम दिसलं : गणपती विसर्जन, तू गिरगावच्या वाळूत उभी, कुणाचाही आधार नाही. शेजारणींनी पेढे वाटले होते, 'बरी झाली' म्हणून. पुढच्या गणपतीला तू खाटेवर.

काल तिने विचारलं, "तू सांगितलंस तशी तुझी आई तापाने नाही ना गेली? पुढे काय झालं तिचं? खरं सांग. घरचे नुसतं 'बरी होशील' करतात. उद्या ये आणि सगळं सांग, मग लग्नाचं मी ठरवीन." भोईवाड्यात तिच्या घरी ती वाट बघतेय. वाळू सांगितली तर ती आशेवर जगेल, खाट सांगितली तर आजच मरेल. मी दोन्ही सांगणार आहे.

हे पत्र कुठे टाकणार? तुझ्या पाटाखाली सारून ठेवतो. तिला सांगणार नाही असं एकच आहे, ते तुला सांगतो : सगळं ऐकून तिनेच नाही म्हणावं, असं मघाशी क्षणभर वाटून गेलं.

निघतो. दार ओढून घेतो.