टोपलीभर पुरणपोळ्या

भिलाई, कार्तिक वद्य प्रतिपदा, १९५८

दौलतदादा,

ज्यांची शेतं कारखान्यात गेली, त्यांनी आपल्या गोरक्षणात सोडलेली कपिला गाय काल मेली. गोपाष्टमीला तुम्ही तिला टोपलीभर पुरणपोळ्या चारल्या; तिचं फुगलेलं पोट उतरलंच नाही. गोठा सांभाळणारी अंजनाबाई म्हणाली होती, "मालक, तिले सुकं कुटार टाका, चारा पचते तिले. पोळ्या तुमीच खा न!" तुम्ही हसलात. "गोमातेचा घास अडवतेस? पाप लागेल." आता पाप कुणाला लागलं, दादा?

पण फाटकाची किल्ली माझ्या खिशात होती. थोरल्या भावाला अडवायचं कसं, म्हणून मीच ते उघडून दिलं. हे पत्रही मी पोस्टात टाकणार नाही. मी तुम्हाला कधीच अडवणार नाही, हे अंजनाबाईला कळलं असावं. आज सकाळी तिने हात पुढे करून किल्ली मागितली. मी दिली.

तुमचा धाकटा,
श्रीधर