डुकरावर कुत्रं सोडणार नाही

८ जानेवारी २०२५, रास अल खैमा

नाही म्हणालो. तोंडावर!

दुपारी फार्मवर मोठा पिंजरा उतरला. आत एक कुत्रा — डोकं पाट्याएवढं, जबडा रुंद, मान बैलासारखी. आमचा मालक, फहद अरबाब, जाम खुशीत. पुढच्या वर्षी मित्रांबरोबर परदेशात रानडुकराच्या शिकारीला जायचंय म्हणे. इथे शिकारीला बंदी. आमचे सलुकी कुत्रे शर्यतीत नकली हरणामागे धावतात, तेवढंच. तर अरबाबची आयडिया अशी — हा दांडगा आणि आमची सलुकी कुत्री रीम, यांची पिल्लं काढायची. सलुकीचा वेग, दांडग्याचा जबडा.

"समाधान, तुम गाव में सूअर का शिकार देखा ना? तुम ट्रेनिंग देगा."

"नहीं देगा," मी म्हणालो.

कमरुद्दीनभाईंनी मागून चिमटा काढला. ते आमचे फोरमन, दापोलीचे, सव्वीस वर्षं याच फार्मवर. नंतर ओरडले, "अरे, मान डोलवायची नि गप बसायचं! तोंडावर नाय कशाला म्हणतोस?"

कारण नाही म्हणजे नाही.

१० जानेवारी

शुक्रवार. सुट्टी. आज लिहूनच टाकतो, का नाही ते.

गावी, वैभववाडीला, आमचे आबा पारधीला जायचे. सहा गावठी कुत्री, मी मागे काठी घेऊन. डुकरं भात लोळवून टाकायची, म्हणून गावच आबांना बोलवायचं. त्या दिवशी डुक्कर करवंदीच्या जाळीत शिरलं आणि अडलं. अडलेलं डुक्कर पळत नाही — वळतं! आमचा पांड्या सगळ्या कुत्र्यांच्या पुढे होता. एकदाच मान झटकली डुकराने. सुळा पांड्याच्या पोटातून आरपार.

आबांनी तिथेच दाभणाने शिवला. शिवत असताना पांड्या शेपूट हलवत होता. तिसऱ्या दिवशी गेला.

पाच वर्षांत अकरा कुत्री गेली. डुकरं काय संपली? पुढच्या पावसाळ्यात तेवढीच!

आणि ती कुत्री चामड्यासारख्या कातडीची. रीमची कातडी म्हणजे मलमल. मागे साध्या तारेला घासली तर सात टाके. शिवाय सलुकी वास काढत नाही, दबकत नाही, भुंकून थांबत नाही. दिसलं की सरळ धाव. डुकरावर सरळ धाव म्हणजे सरळ सुळ्यावर.

तिच्या पोटची पिल्लं तरी वेगळी कशी निघतील? नाही शिकवणार.

१४ जानेवारी

अरबाबने बोलावलं. "तुम्हारा काम खाना देना. दिमाग देना नहीं."

"अरबाब, दिमाग फ्री में दे रहा है."

आधी हसला! मग हसू गेलं. "रीम को बच्चा नहीं हुआ, तो तुम घर जाएगा. खलास."

फोनवर बायको, दर्शना, म्हणाली, "कुत्र्यांसाठी भांडायला गेलात का एवढ्या लांब?"

हो. समज तसंच.

२३ जानेवारी

रीम माजावर आलीय. हुकूम — दांडग्याच्या तारेच्या जाळीत सोडा.

मी तिला बर्कच्या जाळीत सोडलं. आमचा जुना सलुकी, तीन शर्यती जिंकलेला. दुपारभर दोघं एकत्र होती. अरबाबला पिल्लं हवीत ना? होतील. सडपातळ, लांब पायांची, डुकराच्या काही कामाची नाहीत अशी!

कमरुद्दीनभाईंनी पाहिलं. बादली उचलून पुढे गेले. बोलणार काय, घाबरट माणूस.

२५ जानेवारी

काल अजमानला राहुलकडे होतो. माझा मावसभाऊ. म्हणाला, "दादा, माफी माग, सोडून दे." वाद घालून परत आलो. रीम ठीक. खातेय.

१८ फेब्रुवारी

रीम गाभण आहे! डॉक्टरने मशीनवर दाखवलं, चार तरी आहेत. अरबाबने कुनाफ्याचा, इथल्या मिठाईचा, आख्खा डबा पाठवला. त्याला वाटतंय दांडग्याची. मी दोन तुकडे खाल्ले. हसू दाबून.

दांडग्याशी माझं भांडण नाही, हे लिहून ठेवतो. पाणी ठेवायला गेलो की बिचारा माझ्या चपलेवर हनुवटी टेकून पडतो. त्याला काय माहीत त्याला कशासाठी आणलंय.

९ मार्च

रमजान. कमरुद्दीनभाई रोज्यात. तरी खाद्याच्या गोण्या स्वतः उचलतात, मला उचलू देत नाहीत. "तू रीमकडे बघ."

आज मला राहवलं नाही. म्हणालो, "भाई, सव्वीस वर्षांत एकदा तरी अरबाबला नाही म्हणालात का?"

"नाय."

"भीती वाटते?"

"वाटते ना."

एवढंच. गोणी खांद्यावर टाकून गेले. मला जिंकल्यासारखं वाटलं.

२७ मार्च

रीम सकाळपासून गोधडी उकरतेय, धापा टाकतेय. उद्यापर्यंत व्हायला हवीत.

ठरवलंय. पिल्लं बाहेर आली की अरबाबला मीच सांगणार, ही बर्कची आहेत, मी केलं. काढ तिकीट! घरी जाऊन काय करीन ते बघू. पण मान वर करून जाईन. या फार्मवर एकाने तरी नाही म्हटलं, एवढं तरी राहील.

२८ मार्च

पाच झाली. पाचही जिवंत. पाचही रुंद डोक्याची, जाड मानेची.

कमरुद्दीनभाई शेजारीच बसले होते. विचारायच्या आधीच बोलले. "मीच दांडग्याला रीमकडे सोडलं. तू अजमानला गेलास त्या दिवशी. बर्क म्हातारा झालाय, त्याच्याने आता काय होत नाय. पिल्लं झाली नसती तर तू गेला असतास, नि तुझ्या जागी आलेल्याने रीमलाच डुकरावर नेलं असतं. आता ही पाच तुझ्या हातात. त्यांना काय शिकवायचं नाय ते तूच ठरव."

दहा वाजता अरबाब येतोय, पिल्लं बघायला. त्याला काय सांगायचं, मला माहीत नाही.